समास

मानव्यविद्या शाखेच्या जिन्याखाली
माझं झेरॉक्सचं यंत्र होतं, बावीस वर्षं.
यंत्रं तीन बदलली. जिना तोच.

शारजात वाळू कुठेही शिरते,
काचेखालीही.
विदादबाई, बसऱ्याच्या, व्याकरण शिकवायच्या.
एकदा दीडशे प्रती परत घेऊन आल्या,
एका अक्षरावर बोट ठेवलं:
हा नुक्ता तुझ्या वाळूचा आहे, आमचा नाही.
एका ठिपक्यानं वाक्य मरतं, बाबा.
मी काच पुसली. पुन्हा दीडशे.
पैसे त्यांनी दोन्ही खेपांचे दिले.

आणि डॉक्टर तिजानी, ओमदुर्मानचे,
उंच, एका खांद्यानं कललेले.
इतिहास शिकवायचे की तत्त्वज्ञान
हे त्यांच्या खात्यालाही कधी ठरवता आलं नाही.
प्रत्येक पान पंचाऐंशी टक्क्यांवर काढायला सांगत.
अक्षर बारीक होतं, सर.
होऊ दे, पोरांचे डोळे तरुण आहेत.
कडेला जागा हवी त्यांना,
माझ्याशी भांडायला.

वरच्या वर्गातून त्यांचा आवाज जिना उतरून यायचा:
मन काल?
पहिलं वर्षभर मी ते मराठीतच ऐकलं.
मन. काल.
वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.
मग कळलं, ते विचारतायत: कोण म्हणालं?
पुस्तकात आहे, पोरं म्हणायची.
पुस्तकाला कोण म्हणालं?
असं मागे, मागे,
एखाद्या जिवंत तोंडापर्यंत पोचल्याशिवाय
तास सुटायचा नाही.
माझा चहा गार व्हायचा वर कान लावून.

मला ते नाखुदा म्हणत.
दाभोळच्या खाडीत बापाचा मचवा होता
हे मी एकदा बोलून गेलो होतो.
आमच्यात नाखवा म्हणतात, मी म्हटलं.
ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.
शाळेला तालीम म्हणतो आम्ही, ते म्हणाले.
आमच्या तालमीत कुस्ती होते, सर.
मग फरक काय? म्हणाले.

एका दुपारी, पानाच्या कडेवर नख फिरवत,
याला काय म्हणता तुम्ही?
आम्ही हाशिया म्हणतो,
कपड्याच्या काठालाही तेच.
समास, मी म्हटलं.
आणि दोन शब्द जोडून एक केला की
त्यालाही समासच. सातवीला होतं आम्हाला.
ते गप्प झाले. मागे एक मुलगी उभी होती,
मुठीत दिरहम, घाईत.
म्हणजे आमच्याकडे जिथे कापड संपतं,
ते हळू म्हणाले, तिथे तुमचा सांधा आहे.
खिशातली वही काढून लिहून घेतलं,
उजवीकडून डावीकडे, माझा शब्द.
मुलगीही ऐकत होती. तिचं नाव मौझा,
ते मला पुढे पावतीवरून कळलं.

सर गेले. आधी निवृत्त, मग ओमदुर्मानला,
मग तिकडून बातमीच नाही.
त्यांच्या खोलीतली अकरा खोकी
मीच ढकलगाडीवरून गोदामात नेली.
पाटीवर आता 'संवादकौशल्य विभाग' आहे.
पोरं पडद्यावर वाचतात, बोटानं अक्षर मोठं करतात.
माझं यंत्र गेलं. मी रोल्याला दुकान घेतलं,
पारपत्राचे फोटो, लॅमिनेशन.

परवा रात्री शर्वाणी जेवता जेवता म्हणाली,
पहिल्याच वर्षाला आहे, त्याच इमारतीत:
बाबा, आज मॅडम सांगत होत्या,
कुठल्याशा भारतीय भाषेत
पानाची कड आणि जोडणं याला एकच शब्द आहे.
आपल्यात आहे का रे तसं?

मी बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.
कोण म्हणालं?
मौझा मॅडम.
त्यांना कोण म्हणालं?
त्यांचे सर, म्हणे. सुदानचे कुणीतरी.
आणि त्यांना?
ते नाही सांगितलं. विचारू?

तिची वही उघडी होती पाण्याच्या तांब्याशेजारी.
बारीक, नीट अक्षर,
या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च.

विचार, मी म्हटलं.
आणि समास जरा मोठा सोड.